भोवऱ्यांना आवरणारे रेणू

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बे इथून दक्षिणेला व्हाल्डीझ बंदरापर्यंत कच्चं तेल नेणारी पाइपलाइन जून १९७७मध्ये सुरू झाली. लांबी सुमारे १,२८७ किलोमीटर, व्यास १.२२ मीटर. दोन वर्षांनी, जुलै १९७९मध्ये, त्या तेलात एक पॉलिमर सोडायला सुरुवात झाली. प्रमाण नगण्य: दहा लाख भाग तेलाला पॉलिमरचे मोजके भाग. तेलाचा रंग, वजन, दाटपणा यांत जाणवण्याजोगा काहीच फरक पडला नाही. आधीच्या आणि नंतरच्या तेलाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या असत्या तर कुणालाही ओळखता आल्या नसत्या. तरीही त्याच पंपांनी, तेवढ्याच दाबाखाली, पाइपातून पूर्वीपेक्षा जास्त तेल जाऊ लागलं.

हे का घडतं हे गणिताने सांगायचं तर दोन अवघड विषय एकत्र आणावे लागतात. एक संक्षुब्ध प्रवाहाचा, म्हणजे इंजिनिअर ज्याला टर्ब्युलन्स म्हणतात त्या भोवऱ्यांनी भरलेल्या वाहण्याचा. दुसरा व्हिस्कोइलॅस्टिक पदार्थांचा, म्हणजे काही अंशी द्रवासारखे वाहणाऱ्या आणि काही अंशी रबरासारखे ताणून मागे येणाऱ्या पदार्थांचा. दोन्हीकडची मूळ समीकरणं दीडशे ते दोनशे वर्षांपूर्वीची आहेत आणि दोन्ही विषय अजून पुरते हाती आलेले नाहीत. मला त्यांच्या भेटीचं विशेष वाटतं, कारण मॉडेल बनवताना काय धरायचं आणि काय सोडायचं ही निवड इथे अगदी उघड्यावर होते. प्रवाहाचं मॉडेल करणाऱ्याला पुष्कळ काही विसरावंच लागतं. पदार्थाचं मॉडेल करणाऱ्याला मात्र विसरण्याची मुभा नसते, कारण त्याचा पदार्थ स्वतःच मागचं लक्षात ठेवून वागतो.

आधी प्रवाह पाहू. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये केलेला प्रयोग १८८३ साली प्रसिद्ध झाला. पाण्याच्या टाकीत आडवी ठेवलेली काचेची नळी आणि तिच्या तोंडाशी सोडलेली रंगाची बारीक धार, एवढंच त्याचं साहित्य. पाणी सावकाश वाहत असताना रंगाची धार नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघेत जाते. वेग वाढवत नेला की ती एका टप्प्यावर थरथरू लागते आणि पुढे एकदम फुटून नळीभर पसरते. नुसत्या डोळ्यांना तो सगळा रंगीत गढूळपणा वाटतो. रेनॉल्ड्स यांनी तोच रंग विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिला, तेव्हा त्यात वेगवेगळी वेटोळी दिसली. तो गढूळपणा म्हणजे भोवऱ्यांची गर्दी होती.

सरळ वाहणं मोडून भोवरे कधी सुरू होतील, हे वेग, नळीचा व्यास, द्रवाची घनता आणि त्याची श्यानता, म्हणजे त्याच्या थरांमधलं आपसातलं घर्षण, यांवरून ठरतं. वेगाला व्यासाने आणि घनतेने गुणून श्यानतेने भागलं की रेनॉल्ड्स अंक मिळतो. तो साधारण दोन हजारांच्या वर गेला की संक्षुब्ध प्रवाह टिकून राहू शकतो. २०११ साली अतिशय काटेकोर मोजमापांतून हा उंबरठा २,०४० च्या आसपास असल्याचं दाखवलं गेलं. घरातल्या पंधरा मिलिमीटरच्या पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल तर हा अंक पंधरा हजारांच्या घरात जातो. अलास्काच्या पाइपात तो काही लाख होतो. म्हणजे माणसाने कामासाठी टाकलेल्या बहुतेक पाइपांत भोवरेच भोवरे असतात.

या भोवऱ्यांची किंमत मोजावी लागते. सरळ, स्तरांत वाहणाऱ्या प्रवाहात दुप्पट द्रव न्यायचा तर दाब दुप्पट लागतो. संक्षुब्ध प्रवाहात तो साडेतीन ते चार पट लागतो आणि पंपाला ऊर्जा सात-आठ पट. कारण असं की भोवरे पाइपाच्या मधला वेगवान द्रव ओढून भिंतीवर आणून घासतात आणि भिंतीलगतचा मंद द्रव उचलून मध्ये टाकतात. ही देवाणघेवाण अखंड चालू राहते आणि पंपाची बरीचशी मेहनत तिच्यातच उष्णता होऊन संपते.

हे सगळं ज्यांत लिहिलेलं आहे ती समीकरणं माहीत आहेत. क्लोद-लुई नेव्हिए यांनी १८२२मध्ये आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५मध्ये ती मांडली. द्रवाच्या प्रत्येक कणाला न्यूटनचा दुसरा नियम लावला की ती मिळतात. तीन मितींत त्यांची उत्तरं कायम सुरळीत राहतात की कुठेतरी बिघडतात, हे सिद्ध करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली जाहीर केलं. ते अजून कुणी मिळवलेलं नाही. पण पाइप टाकणाऱ्याची अडचण त्याहून साधी आहे. समीकरण खरं धरलं तरी ते सोडवायचं कसं?

आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१मध्ये जे दाखवलं त्यावरून या अडचणीचा आकार कळतो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान, आणि शेवटी इतके बारीक होतात की श्यानता त्यांची गती शोषून उष्णतेत बदलते. रेनॉल्ड्स अंक जितका मोठा, तितका सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक भोवऱ्यांतला फरक मोठा. सगळे भोवरे संगणकावर पकडायचे तर लागणाऱ्या बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोनव्या घाताने वाढते. तीन लाखांचा अंक घेतला तर सुमारे दोन लाख कोटी बिंदू होतात, आणि प्रत्येक बिंदूवर वेग व दाब यांचा हिशेब क्षणाक्षणाला नव्याने मांडायचा. हे एका पाइपाच्या लहानशा तुकड्यासाठी. बाराशे किलोमीटरचं नावच नको.

मग उरते सरासरी. १८९५ साली रेनॉल्ड्स यांनीच ती वाट घालून दिली. प्रत्येक ठिकाणचा वेग म्हणजे एक सरासरी आणि तिच्याभोवतीचे चढउतार असं मानायचं, आणि सबंध समीकरणाचीच सरासरी काढायची. अडचण कुठे येते ते दोन आकड्यांत दिसतं. समजा एका जागी वेग कधी १ असतो तर कधी ३. सरासरी २, तिचा वर्ग ४. पण आधी वर्ग करून मग सरासरी काढली तर १ आणि ९ यांची सरासरी ५ येते. हा वर उरलेला १ म्हणजे चढउतारांचा वाटा. नेव्हिए-स्टोक्स समीकरणात वेगाला वेगाने गुणलेलं पद असल्यामुळे सरासरी काढताना हा १ दर वेळी मागे राहतो, आणि तो नेमका किती ते समीकरण सांगत नाही. त्याच्यासाठी नवं समीकरण मांडलं तर त्यात तीन चढउतारांचे गुणाकार येतात, त्यांच्यासाठी आणखी एक मांडलं तर चारांचे. साखळी कुठेच संपत नाही. कुठेतरी थांबून पुढचं अंदाजाने भरावंच लागतं. टर्ब्युलन्सच्या मॉडेलांची सबंध कहाणी या अंदाजाची आहे.

तो भरण्याची पहिली युक्ती फ्रान्सच्या जोझेफ बूसिनेस्क यांनी १८७७मध्येच सुचवली होती: भोवऱ्यांमुळे द्रवाची श्यानता जणू वाढते, असं धरून चाला. लुडविग प्रांटल यांनी १९२५मध्ये ही वाढीव श्यानता काढण्यासाठी भोवरा किती अंतर जाऊन आपली गती सोडून देतो याचा विचार केला. पुढे १९७०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन लाँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के-एप्सिलॉन मॉडेल घडवलं. त्यात भोवऱ्यांतली ऊर्जा आणि ती विरून जाण्याचा दर अशा दोन राशींची समीकरणं असतात, आणि ०.०९, १.४४, १.९२, १.०, १.३ असे पाच स्थिरांक. हे पाच आकडे साध्या, चांगल्या मोजलेल्या प्रवाहांवरून जुळवून घेतलेले आहेत. निसर्गाने दिलेले नाहीत. ते विसरून कुणी हे मॉडेल भलत्याच प्रवाहाला लावलं तर ते तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देतं. तरी पण कारखान्यातल्या चिमण्या, बॉयलर, इमारतींभोवतीचा वारा अशा कितीतरी गोष्टींचं डिझाइन याच पाच आकड्यांच्या भरवशावर झालेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं व्यवस्थित चाललं आहे. विसरावं काय हे नीट निवडलं की विसरूनही काम होतं, हे मला या मॉडेलातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. भेंडी चिरताना सुरी उचलली की तिच्यामागे बुळबुळीत तार येते. पाण्याचा थेंब असता तर लगेच तुटून पडला असता. ही तार बारीक होत लांब जाते, आणि तुटलीच तर तिची टोकं मागे सरकतात. भेंडीच्या चिकात लांबलचक साखळ्यांचे रेणू असतात. ते एरवी गुंडाळलेल्या स्थितीत राहतात आणि ओढले की उलगडतात. उलगडलेल्या रेणूला पुन्हा गुंडाळून बसायचं असतं, म्हणून तार मागे ओढ घेते. पण परत गुंडाळायला वेळ लागतो. त्या वेळात पदार्थाला मघाचा ताण आठवत असतो.

या आठवणीला गणितात पहिली जागा जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी दिली, तीही १८६७ सालच्या वायूंच्या गतीवरच्या निबंधात. त्यांचं मॉडेल आज दोन भागांच्या चित्राने शिकवतात: एक स्प्रिंग, आणि तिला जोडलेला, दार आपटू नये म्हणून वर बसवतात त्या क्लोजरमधल्यासारखा तेलातला दट्ट्या. झटका दिला तर दट्ट्या जागचा हलत नाही, सगळा ताण स्प्रिंग घेते आणि पदार्थ घनासारखा वागतो. सावकाश ओढलं तर दट्ट्या सरकत जातो, स्प्रिंगवर ताण साठत नाही आणि पदार्थ वाहतो. या दोन वागण्यांमधली सीमा एका काळावर ठरते: श्यानतेला स्प्रिंगच्या ताठपणाने भागलं की तो मिळतो. त्याला विश्रांतिकाळ म्हणतात. साध्या पाण्याचा विश्रांतिकाळ सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाइतका सूक्ष्म असतो, म्हणून पाणी आपल्याला स्प्रिंगसारखं कधी वाटत नाही. लांब साखळ्यांच्या पॉलिमरचा तो मिलिसेकंदांपासून कित्येक सेकंदांपर्यंत जातो. लुडविग बोल्ट्झमान यांनी १८७४मध्ये याचं आणखी व्यापक रूप दिलं. आजचा ताण म्हणजे आजवर सोसलेल्या सगळ्या ओढाताणीची बेरीज, फक्त जुन्या ओढीचं वजन काळाबरोबर कमी होत जातं.

एवढ्याने लहान ओढाताणीचं भागतं. पण वाहत्या द्रवात कण फिरतात, लोळतात, पार दूर जातात, आणि तिथे मॅक्सवेलचं समीकरण जसंच्या तसं चालत नाही. कणकेचा गोळा फिरत्या पाटावर ठेवला तर तो फिरतो, ताणला जात नाही. पण समीकरण साध्या रीतीने लिहिलं तर नुसत्या फिरण्यानेही त्यात ताण उपजल्यासारखा दिसतो. हा दोष जेम्स ओल्ड्रॉइड यांनी १९५०मध्ये दूर केला. ताणाचा बदल मोजायचा तो जमिनीवर उभं राहून नाही, तर द्रवाच्या कणाबरोबर वाहत, वळत आणि ताणत जाणाऱ्या चौकटीतून, हे त्यांनी गणितात बसवलं. आजही पॉलिमर-द्रवांच्या बहुतेक मॉडेलांच्या मुळाशी ही चौकट असते.

ओल्ड्रॉइड तेव्हा कोर्टोल्ड्स या ब्रिटिश कापड-धागा कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत होते, आणि तिथेच बी. ए. टॉम्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर टॉम्स क्लोरोबेंझिन या द्रवात थोडं ॲक्रिलिक पॉलिमर विरघळवून ते नळीतून जोराने ढकलत होते. वेगवान प्रवाहात पॉलिमरच्या साखळ्या तुटतात का, हे त्यांना पाहायचं होतं. मोजमापं वेगळंच सांगू लागली: पॉलिमर घातलेला द्रव शुद्ध द्रवापेक्षा लवकर जात होता. द्रवात काही विरघळवून त्याची श्यानता वाढवायची आणि तरी तो कमी विरोधाने वाहायचा, हे वरवर उफराटं आहे. शिवाय सावकाश, स्तरीय प्रवाहात हे घडतच नव्हतं. भोवरे असतील तरच घडत होतं. १९४८ साली नेदरलँड्समध्ये स्खेव्हेनिंगेन इथे प्रवाही पदार्थांच्या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे टॉम्स यांनी हे निष्कर्ष मांडले आणि या परिणामाला त्यांचं नाव मिळालं.

नंतर पाण्यातही तेच दिसलं. पॉलिइथिलीन ऑक्साइड, पॉलिॲक्रिलामाइड, राजस्थानात अमाप पिकणाऱ्या गवारीचा गम, काही माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर, सगळे पाण्याचं घर्षण घटवतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने असं पॉलिमर घातलेलं पाणी वापरून पाहिलं, कारण मग बारीक आणि हलक्या होजमधूनही भरपूर पाणी नेता येतं आणि जिने चढणाऱ्या जवानाचं ओझं कमी होतं.

कारण शोधताना पहिला विचार आकाराचा येतो, आणि तो अपुरा पडतो. दोन इंची पाइपात सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणारं पाणी घ्या. भिंतीलगतच्या प्रवाहाची सर्वांत बारीक लांबी साधारण दहा मायक्रॉन येते. पॉलिइथिलीन ऑक्साइडचा चाळीस लाख रेणुभाराचा रेणू गुंडाळलेल्या स्थितीत फार तर एक-दोन दशांश मायक्रॉन भरतो. त्याच्याहून पन्नास-शंभर पट मोठ्या भोवऱ्याच्या आत तो एक ठिपका. तो भोवऱ्याच्या वाटेत आडवा येईल कसा? जॉन लम्ली यांनी १९६९च्या सुमारास लांबी बाजूला ठेवून काळ मोजायला सांगितलं. त्याच पाइपात भिंतीलगतच्या प्रवाहाचा काळ मिलिसेकंदाचा दहावा भाग असतो, आणि या पॉलिमरचा विश्रांतिकाळ एक मिलिसेकंदाच्या आसपास. म्हणजे भोवरा रेणूला ओढतो, आणि रेणूला सैल पडायला वेळ मिळायच्या आत पुन्हा ओढतो. रेणू ताणत ताणत जातो. प्रवाह आणि पदार्थ यांची गाठ पडते ती दोन काळ जुळल्यामुळे. या विषयात मला सर्वांत सुंदर वाटणारा विचार हाच.

हा ताण हळूहळू वाढत नाही. प्येर-जिल द जेन यांनी १९७४मध्ये दाखवलं की ओढीचा दर आणि विश्रांतिकाळ यांचा गुणाकार साधारण अर्ध्याच्या वर गेला की गुंडाळलेला रेणू एकदम उलगडू लागतो. चाळीस लाख रेणुभाराच्या साखळीची पूर्ण लांबी तीस मायक्रॉनच्या आसपास जाते, गुंडाळीच्या शेकडो पट. अशा अर्धवट का होईना उलगडलेल्या रेणूंनी भरलेलं पाणी ताणायला फार जड जातं. बाजूला सरकवायला ते पूर्वीइतकंच हलकं असतं, म्हणून बाटलीत हलवून काही कळत नाही.

उलगडणारा रेणू प्रत्यक्ष पाहिला गेला तो १९९७ साली, स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन चू यांच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या गटाने चमकणारा रंग चढवलेले डीएनएचे रेणू ताणणाऱ्या प्रवाहात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे व्हिडिओ घेतले. सगळे रेणू एकाच विषाणूच्या डीएनएचे, लांबी एकच, सुमारे २२ मायक्रॉन, प्रवाहही एकच. तरी प्रत्येकाची चाल वेगळी. एकाची दोन्ही टोकं गाठीसारखी राहून मधला भाग लांबत होता. दुसऱ्याचं एकच टोक गोळा झालेलं. तिसरा मध्ये दुमडून दुहेरी झाला आणि तसाच बराच वेळ अडकून पडला. प्रवाहात शिरताना कोण कसा गुंडाळलेला होता, एवढ्यावरून हा फरक पडत होता. द जेन यांनी यात रेणूंचं व्यक्तिमत्त्व पाहिलं.

मॉडेलात मात्र ही व्यक्तिमत्त्वं राहत नाहीत. पॉलिमरसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं फेन-पी मॉडेल सबंध साखळीच्या जागी दोन मणी आणि मधली एक स्प्रिंग ठेवतं. स्प्रिंग ठरावीक लांबीपलीकडे ताणू शकत नाही, एवढीच तिला मर्यादा. ही मर्यादा हवीच, कारण ओल्ड्रॉइडच्या साध्या मॉडेलात तोच अर्ध्याचा उंबरठा ओलांडला की ताण अनंताकडे निघून जातो. मग एका जागच्या असंख्य स्प्रिंगांची सरासरी घेऊन रेणू सरासरीने किती आणि कुठल्या दिशेला ताणले आहेत, तेवढंच सहा आकड्यांत नोंदवतात. दुमडलेला, गाठ पडलेला, अडकलेला, सगळे त्यात विरून जातात. प्रवाहाच्या बाजूने जसं आपण भोवरे विसरलो, तसं इथे रेणूंचे चेहरे विसरलो. तरी हे मॉडेल घर्षण घटण्याचं चित्र बऱ्यापैकी उतरवतं, म्हणजे इथेही योग्य तेच विसरलं गेलं असावं.

ते चित्र संगणकाने पहिल्यांदा काढलं १९९७मध्येच. राधाकृष्ण सुरेशकुमार, अँटनी बेरिस आणि रॉबर्ट हँडलर यांनी दोन समांतर भिंतींमधला संक्षुब्ध प्रवाह, सरासरी न काढता, फेन-पी मॉडेलसह सोडवून दाखवला. साध्या पाण्यात भिंतीजवळ प्रवाहाच्या दिशेने लांबलेले भोवऱ्यांचे पट्टे असतात. तेच मंद द्रव उचलतात आणि वेगवान द्रव भिंतीवर आपटतात. या पट्ट्यांच्या कडेने जाणारे रेणू ताणले जातात आणि भोवऱ्याच्या फिरण्याला उलटा विरोध करतात. भोवरे दुबळे होतात, रुंद होतात, एकमेकांपासून लांब जातात, आणि भिंत व मध्य यांच्यातली देवाणघेवाण घटते. ही कामगिरी रेणू मुख्यतः ताणल्यावर वाढलेल्या श्यानतेमुळे करतात, असं लम्लींचं म्हणणं होतं. ते भोवऱ्यांची ऊर्जा स्प्रिंगसारखी साठवून घेतात, असं मायकेल टेबर आणि द जेन यांनी १९८६मध्ये मांडलं. संगणकावरची चित्रं पाहिल्यावर मला दोन्हींत तथ्य वाटतं, आणि हा वाद एका बाजूने सुटेल असं वाटत नाही.

हे गणित चालवणं मात्र नाजूक काम आहे. ते सहा आकडे शेवटी लांबीच्या वर्गाची सरासरी सांगतात आणि लांबीचा वर्ग ऋण असू शकत नाही. पण ताण तीव्रपणे बदलतो तिथे संगणकाच्या बारीक चुका साठत जातात, वर्ग ऋण होतो आणि सगळी आकडेमोड कोसळते. या एका अडचणीने पॉलिमर-प्रवाहांचं गणित करणाऱ्यांना दशकानुदशकं छळलं. २००४ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले रानान फट्टाल आणि राझ कुफरमन यांनी सुचवलेला उपाय लॉग टेबल वापरलेल्या कुणालाही पटेल: ताण साठवू नका, त्याचं लॉगरिदम साठवा. लॉगरिदम ऋण झालं तरी बिघडत नाही, कारण त्यावरून परत काढलेली संख्या कायम धनच येते.

आपल्याकडेही या विषयावर मोलाचं काम झालं आहे. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर पॉलिमर-द्रवांच्या प्रवाहाचे अभ्यासक म्हणूनच १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि पुण्यात या शास्त्राची परंपरा उभी राहिली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रसाद पेर्लेकर, ध्रुवादित्य मित्र आणि राहुल पंडित यांनी २००६मध्ये एक वेगळा प्रश्न विचारला: भिंतच नसेल तर? त्यांनी कुठलीही भिंत नसलेला, हळूहळू विरत जाणारा संक्षुब्ध प्रवाह संगणकावर घेतला आणि त्यात पॉलिमर घातलं. तिथेही ऊर्जा विरण्याचा दर घटला. परिणाम फक्त भिंतीजवळच्या करामतीचा नाही, हे त्यावरून दिसलं.

व्यवहारात सर्वांत मोठी अडचण मात्र टॉम्स जी शोधायला निघाले होते तीच आहे: साखळ्या तुटतात. जो ताण रेणूला उपयोगी बनवतो तोच त्याला मधोमध तोडतो. पंपाच्या फिरत्या पात्यांतून गेल्यावर लांब साखळ्यांचे तुकडे होतात, विश्रांतिकाळ आखूड होतो आणि काळ जुळेनासे होतात. म्हणून पाइपलाइनमध्ये पॉलिमर पंपाच्या पुढे सोडतात आणि पुढच्या पंपानंतर पुन्हा नव्याने सोडतात. किती रेणू कुठे तुटतील हे आधीच सांगणारं भरवशाचं मॉडेल अजून मिळालेलं नाही. तो अंदाज चाचण्या घेऊनच बांधावा लागतो.

घर्षण किती घटवता येतं यालाही सीमा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्रीतिंदर विर्क यांनी १९७०च्या सुमारास असंख्य मोजमापं एकत्र मांडून दाखवलं की पॉलिमर कुठलंही घ्या, कितीही घाला, घर्षण एका ठरावीक रेषेखाली जात नाही. ती रेषाही काही थोडी नाही. तिथवर पोहोचलं तर घर्षण ऐंशी टक्क्यांपर्यंत कमी झालेलं असतं. पण प्रवाह पूर्ण स्तरीय झाला असता तर ते आणखी खाली गेलं असतं. मधेच तो अडतो कशामुळे?

उत्तराचा एक धागा भलत्याच ठिकाणी सापडला. २००० साली इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर ग्रोइसमन आणि व्हिक्टर स्टाइनबर्ग यांनी साखरेच्या दाट पाकात किंचित पॉलिॲक्रिलामाइड घालून तो दोन तबकड्यांमध्ये फिरवला. रेनॉल्ड्स अंक एकाहूनही कमी होता, म्हणजे नेव्हिए-स्टोक्सच्या हिशेबाने तिथे भोवऱ्याचं नावही असायला नको. तरी पाकात विस्कळीत, संक्षुब्ध प्रवाह उभा राहिला. ताणलेले रेणूच आपल्या ओढीने प्रवाह खवळून टाकत होते. जे रेणू एका जागी भोवरे शमवतात, ते दुसऱ्या जागी स्वतःच निर्माण करतात.

पाइपातही हे घडतं का, ते २०१३मध्ये ब्यॉर्न होफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पॉलिमर-द्रवात नेहमीच्या टर्ब्युलन्सखेरीज दुसऱ्या जातीचा टर्ब्युलन्स असतो, तो द्रवाची गती आणि रेणूंची ओढ या दोन्हींवर जगतो. २०१८मध्ये होफ यांच्याच ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळेत जॉर्ज शुएरी, होझे लोपेझ आणि होफ यांनी मध्यम रेनॉल्ड्स अंकांवर पॉलिमरचं प्रमाण थोडं थोडं वाढवत नेलं. एका टप्प्यावर घर्षण विर्कच्या रेषेच्या खाली उतरलं आणि प्रवाह चक्क स्तरीय झाला. आणखी पॉलिमर घातल्यावर तो पुन्हा खवळला आणि घर्षण वर येऊन नेमकं विर्कच्या रेषेवर थांबलं. म्हणजे त्या रेषेवर नेहमीचा टर्ब्युलन्स केव्हाच मेलेला असू शकतो, आणि उरलेलं घर्षण रेणूंनी स्वतः उभ्या केलेल्या दुसऱ्या टर्ब्युलन्सचं असू शकतं. हेच रेनॉल्ड्स अंक लाखांत असतानाही खरं ठरतं का, ते संगणकावर पाहायचं तर भोवऱ्यांची सगळी बारीक रूपं आणि ताणाचे ते सहा आकडे प्रत्येक बिंदूवर एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि ताणाचे पट्टे भोवऱ्यांपेक्षाही बारीक निघतात. सध्या अनेक गट याच गणिताशी झुंजत आहेत.